दोन कीट आणि एक टॉमी

ऑगस्ट २०१८ मध्ये दादाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. हातात धरलेला मोठा हिरवा आंबा, आणि देठापासून खाली काजळ ओघळावं तसे काळे डाग. खाली एकच ओळ : "हा करपाच ना रे?" मी ऑफिसात जेवत होतो. एका हाताने उत्तर टाकलं, "हो, करपाच. बुरशीनाशक मार." प्रकरण इथूनच बिघडलं, आणि ते बिघडवलं मी, हे आधीच कबूल केलेलं बरं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आजोळ राजापूरचं, त्यामुळे आंब्याशी दोघांचंही लहानपणापासूनचं नातं. तो फ्लोरिडात पाम बीच काउंटीत राहतो, मी अटलांटाजवळ. शिकलो पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. घरच्यांच्या लेखी मात्र मी अजून 'शेतीवाला', म्हणून कुंडीतल्या तुळशीपासून सगळे फोटो माझ्याकडे येतात.

दादाच्या अंगणात आंब्याची पाच झाडं होती. घर घेतलं तेव्हाच चार उभी होती : कीट जातीची दोन, एक टॉमी ॲटकिन्स आणि पुढच्या दारी बुटकं रोझिगोल्ड. पाचवं केंट, ते दादाने २०१६ मध्ये एका नर्सरीतून आणून मागच्या कोपऱ्यात लावलं. कुठलं झाड कुठे होतं हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घराच्या मागे, पूर्वेला, कालवा. तिकडे वारा अडवायला काही नाही. कालव्याच्या काठाला एक कीट, त्याच्यापासून बारा फुटांवर टॉमी, आणि कोपऱ्यात केंट. दुसरं कीट पश्चिमेला, घराची भिंत आणि गॅरेज यांच्या बेचक्यात. नावावरून वहिनी पहिल्यापासून चेष्टा करायच्या : "नावातच कीड आहे, भावजी, लागायचीच." हे खरं तर फ्लोरिडातल्याच होमस्टेड गावच्या कुण्या कीट आडनावाच्या बाईंच्या अंगणातलं १९३९ मधलं रोप, पण मराठी कानाला ते कसं पटायचं!

करपा नव्हता

माझ्या सल्ल्यावरून दादाने २०१९ चा अख्खा हंगाम दुकानातलं एक आंतरप्रवाही बुरशीनाशक मारलं. डाग वाढतच गेले. कालव्याकाठच्या कीटची निम्म्याहून जास्त फळं फुटून गळाली. कोपऱ्यातल्या केंटने पहिल्यांदाच चार फळं धरली होती, ती चारही गेली. डिसेंबरच्या सुट्टीत मी गाडी काढून गेलो, तेव्हा आंबे नव्हते, पानं होती. पानंच पुरली.

करपा हा बुरशीचा रोग. त्याचा डाग पानावर सपाट असतो, कडा वेड्यावाकड्या, आणि जुना झाला की मधला भाग गळून भोक पडतं. इथे पानावर अंगठा फिरवला तर खरखर लागत होती. मोहरीएवढे काळे डाग वर उचललेले, फोडासारखे. पान उन्हाकडे धरलं की डागांना कोपरे दिसत. बारीक शिरांपाशी येऊन डाग थांबलेला, शेताच्या बांधाशी नांगर थांबावा तसा. काही डागांभोवती पिवळी कडा. कोवळ्या फांद्यांवर सालीला उभ्या काळ्या चिरा. मग फोनमधले जुने फोटो काढून मोठे करून पाहिले. फळावरचे डाग खोल गेलेले नव्हते, चांदणीसारखे उकललेले होते आणि फटीत डिंकाचा थेंब चमकत होता. हे सगळं ऑगस्ट २०१८ च्या त्या पहिल्या फोटोतही होतं. मी पाहिलं नव्हतं, एवढंच. माझ्या बाजूने बोलायचं तर करप्यातही बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून तशाच रेघा पडतात. पण फोटो मोठा करून बघायला किती वेळ लागतो?

पुतण्याकडे वाढदिवसाला मिळालेला एक छोटा मायक्रोस्कोप होता. पानाचा डाग मधोमध कापला, काचेवर पाण्याचा थेंब, त्यावर तुकडा, वर पातळ काच. शंभरपट मोठं करून पाहिलं, तर कापलेल्या कडेतून धूर निघावा तसा दुधाळ लोट पाण्यात शिरत होता. बुरशी असा लोट सोडत नाही. हजारो जिवाणू एकदम बाहेर पडतात तेव्हाच असं दिसतं. पुतण्याने विचारलं, "काका, हे जिवंत आहे?" म्हटलं, हो, आणि गेली दोन वर्षं मी याला बुरशी म्हणतोय.

जानेवारी २०२० मध्ये विद्यापीठाच्या निदान केंद्राकडे पानं पाठवली आणि नाव पक्कं झालं : झॅन्थोमोनास सायट्री, पॅथोव्हार (म्हणजे ठरावीक झाडाला लागणारा उपप्रकार) मँजिफेरीइंडिकी. इंग्रजीत याला कुणी काळा डाग म्हणतं, कुणी कँकर. नमुना पाठवताना शेजारचे आजोबा काळजीत पडले होते. याच जिवाणूच्या सख्ख्या भावाने, म्हणजे लिंबावरच्या खैऱ्याने, त्यांच्या अंगणातलं झाड नेलं होतं. १९९५ पासून फ्लोरिडात खैऱ्या हटवायची सरकारी मोहीम चालली होती, आणि एका रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आतली लिंबूवर्गीय झाडं, निरोगी असली तरी, तोडायचा नियम होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, वादळांनी रोग आणखी पसरवला आणि २००६ मध्ये मोहीम गुंडाळली. आजोबांच्या कुंपणाशी त्या झाडाचा बुंधा अजून आहे. आमच्याकडे करवत घेऊन कुणी आलं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या कुळाची ओळख करून द्यायची गरज नाही. डाळिंबावरचा तेल्या याच घरातला. लिंबावरचा खैऱ्या, डाळिंबावरचा तेल्या आणि आंब्यावरचा हा काळा डाग हे तिघे इतके जवळचे आहेत की आता तिघांनाही एकाच प्रजातीत धरतात. प्रत्येकाचं यजमान झाड तेवढं वेगळं. आंब्यावरचा जिवाणू तर आमच्या कॉलेजचा जुना परिचित. दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज यांनी १९१५ मध्ये आंब्यावरच्या अशा रोगाचं वर्णन केलं होतं. पुढे १९४८ मध्ये पुण्याहून एम. के. पटेल, एल. मोनीझ आणि वाय. एस. कुलकर्णी यांनी 'करंट सायन्स'मध्ये आंब्यावरचा नवा जिवाणूजन्य रोग म्हणून टिपण दिलं आणि जिवाणूला स्युडोमोनास घराण्यात बसवलं. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. झॅन्थोमोनास म्हटलं की बशीत पिवळीधमक वसाहत वाढते, नावातला 'झॅन्थो' म्हणजेच पिवळा. आंब्यावरचा हा मात्र पांढरट वाढतो, पिवळा रंगच बनवत नाही. तो मुळात झॅन्थोमोनास आहे हे १९७४ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि २००९ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. त्याच कॉलेजच्या वाचनालयात मी पाच वर्षं काढली, आणि दादाचा फोटो आला तेव्हा यातलं एक अक्षर आठवलं नाही.

आला कुठून

फ्लोरिडात, आणि एकूण अमेरिका खंडातच, हा जिवाणू नक्की असल्याची पहिली नोंद २०१६ मध्ये छापून आली. दादाचं केंटही २०१६ चंच. आणलं तेव्हाचा फोटो वहिनींनी काढला होता : कुंडीतलं कमरेएवढं कलम, शेजारी दादा हसतोय, आणि खालच्या दोन पानांवर काळे ठिपके. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. हा रोग लांबचा प्रवास कलमांवरून आणि काड्यांवरून करतो, आणि जवळचा प्रवास वाऱ्यावरच्या पावसाने. ठिपके त्याच जिवाणूचे होते हे आज सिद्ध करता येणार नाही. माझा संशय तिकडेच आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आलं. वादळाचं केंद्र राज्याच्या पश्चिम बाजूने वर गेलं, त्यामुळे पाम बीचला दिवसभर पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून झोडपणारा पाऊस. पानं फाटली, फांद्या एकमेकींवर घासल्या. जिवाणूला पानात शिरायला पर्णरंध्रं पुरतात, पण जखम मिळाली तर त्याला लाल गालिचा अंथरल्यासारखंच. ओल्या डागातून तो बाहेर येतो, थेंबाबरोबर उडतो, पुढच्या पानावर पडतो. पंचवीस ते तीस अंशांच्या उबेत तो सुखी असतो, आणि दक्षिण फ्लोरिडाचा उन्हाळा याहून वेगळा नसतो.

एक गोष्ट मात्र वादळाने केली नव्हती. डिसेंबर म्हणजे तिकडचा कोरडा काळ, तरी काठाच्या कीटच्या खालच्या फांद्यांवर, त्याही फक्त उत्तरेच्या बाजूला, ताजे ओले डाग होते. दोन दिवस कोडं सुटेना. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, तर बाहेर सर्रर्र आवाज. हिरवळीचा फवारा. त्याचं एक तोंड वाकडं झालं होतं आणि पाणी थेट आंब्याच्या उत्तरेकडच्या फांद्यांवर पडत होतं. दादाने पाना आणून तोंड वळवलं. या पूर्ण प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास उपाय तोच ठरला.

प्रतिकारक म्हणजे नेमकं काय

दादाचा पहिला प्रश्न सरळ होता : "रोग न येणारी जात सांग, ही काढून ती लावतो." असं विचारणारा प्रत्येक जण एका यादीची वाट बघत असतो. याद्या आहेतही. दक्षिण आफ्रिकेत हा रोग शंभरावर वर्षं मुक्कामाला आहे; तिथल्या अनुभवात कीट आणि केंट लवकर बळी पडतात, टॉमी ॲटकिन्स, सेन्सेशन आणि हायडी त्या मानाने तग धरतात. अजिबात न लागणारी जात मात्र कुणाकडे नाही. फरक सगळा कमी-जास्तीचा.

पण अंगणात उभं राहून बघितलं तर यादीतल्या 'तग धरते' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या दिसतात. दादाच्या अंगणात त्या तिन्ही सुट्या सुट्या बघायला मिळाल्या, आणि हे टिपण लिहायचं कारण तेच.

पहिली गोष्ट जागा. दोन्ही कीट कलमी, म्हणजे रक्ताने तंतोतंत एक. त्यांच्यात जो फरक पडेल तो जातीचा असूच शकत नाही. काठाच्या कीटवर पूर्वेच्या अंगाला निर्मळ पान शोधावं लागत होतं. भिंतीच्या आडोशाचं कीट त्याच वयाचं, तेच खतपाणी, पण वाऱ्याची थेट झोड नाही. तिथे साधारण चार पानांत एक डागी, आणि २०१९ मध्येही त्याने घरापुरते आंबे दिले होते. कुणी फक्त हेच झाड पाहिलं असतं तर तोंडभर सांगितलं असतं की कीट चांगली टिकते. प्रामाणिकपणे सांगितलं असतं, आणि तरी ते चूक ठरलं असतं.

दुसरी गोष्ट वेळ. दारातलं रोझिगोल्ड भलतंच लवकर येतं, वसंतातच त्याची फळं काढून होतात. फ्लोरिडाचा पाऊस खरा धरतो तो मेच्या अखेरीस, जूनमध्ये. फळ या जिवाणूला जास्त बळी पडतं ते पक्व व्हायच्या आधीच्या महिनाभरात. सालीवर जे बारीक फिकट ठिपके असतात, ती फळाची श्वासाची छिद्रं, तिथूनच तो शिरतो. रोझिगोल्डचा तो महिना कोरडा जातो. कीटचा तोच महिना येतो ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन वादळांच्या तोंडी. म्हणून रोझिगोल्डचं फळ दरवर्षी नितळ. पण त्याची पानं ऑक्टोबरात उलटून बघा, डाग आहेत. फळ वाचलं ते झाडाच्या अंगातल्या ताकदीने नाही, कॅलेंडरने.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. तेल्याला तोंड देणारा आपला डाळिंबवाला काय करतो? भगवा, गणेश, आरक्ता, बाजारात चालणारी कुठलीही जात तेल्याला बळी पडतेच. मग तो पावसाळ्यात येणारा मृग बहार सोडतो आणि हस्त किंवा आंबे बहार धरतो. जात तीच ठेवून पाऊस चुकवतो. आंब्याला असा बहार फिरवता येत नाही, म्हणून तिथे पाऊस चुकवायचा तर लवकर येणारी जात हाच मार्ग.

इथे दादाने हापूसचा विषय काढलाच. "कोकणात कधी ऐकलं नाही रे, हापूसच लावू." मी म्हटलं, दादा, कोकणात हापूस उतरतो मार्च ते मेमध्ये आणि पाऊस येतो जूनमध्ये. तिथे हापूसच्या फळाची या रोगाशी गाठच कितीशी पडते? तो प्रतिकारक आहे की नुसता नशीबवान, हे कोकणातल्या फळावरून कळणार नाही. इथे तो पिकेल पावसात, शिवाय साक्याची, म्हणजे गर आतून खराब होण्याची, भीती वेगळी. दादा गप्प झाला. नाराज होता ते दिसत होतं. हापूसला कुणी नुसतं नशीबवान म्हटलेलं राजापूरच्या माणसाला सोसत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी प्रतिकारशक्ती, आणि ती टॉमीत दिसली. काठाच्या कीटपासून बारा फूट, तोच उघडा वारा, कीटचं पाणी वाऱ्याने उडून थेट अंगावर. फळ जून-जुलैत उतरतं, म्हणजे फळापुरता थोडा फायदा वेळेचाही असणार, तो मी वजा धरतो. पण पानं तर वर्षभर झाडावर असतात, प्रत्येक पाऊस खातात. टॉमीच्या पानांवर डाग होते, तुरळक, बारीक, बहुतेक फार न वाढलेले. जातीचा अंदाज बांधताना मी तेव्हापासून आधी पान बघतो, मग फळ. फळाला वेळ वाचवते, पानाला कुणी वाचवत नाही.

मलगोब्याची भावकी

मग फ्लोरिडातल्याच या जातींत इतक्या बळी पडणाऱ्या का? १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मुंबईहून कलमी आंबे मागवले. १८९४-९५ च्या कडाक्याच्या थंडीत त्यातलं लेक वर्थच्या काठचं एक झाड तेवढं टिकलं, त्याचं नाव मलगोबा. त्याच्या बिया कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला लावल्या आणि १९१० मध्ये 'हेडन'ची तांबडी-पिवळी फळं लागली. तिथून पुढचा गोतावळा. टॉमी हे हेडनचंच बी. केंट दुसऱ्या फांदीचं, ब्रुक्स नावाच्या जातीच्या बियाचं. फ्लोरिडाच्या जातींची डीएनए तपासणी झाली तेव्हा बहुतेक सगळी भावकी चारच भारतीय जाती, म्हणजे मलगोबा, सँडरशा, अमिनी आणि बॉम्बे, आणि वेस्ट इंडीजचा टर्पेंटाइन यांच्यापाशी येऊन थांबली. एवढ्या थोड्या घरांतली ही सोयरीक.

शिवाय निवड झाली ती कशासाठी? रंग, आकार, बोटीत टिकणं, करप्याला तोंड देणं. हा जिवाणू तेव्हा तिथे कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, त्यामुळे त्याच्यापुढे टिकतं कोण हे कुणी तपासलंच नाही. मग याच जाती जगभर गेल्या, आणि जिथे जिवाणू आधीच बसला होता तिथे त्यांची परीक्षा झाली. टॉमीला तर फ्लोरिडातल्या आंबा मंडळींनी चवीपायी वारंवार नाकारलं होतं. तो जगाच्या बाजारात पोचला तो टणक सालीवर आणि रंगावर. या जिवाणूपुढे तो बरा निघाला हा निव्वळ योगायोग.

कालवा

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची मजल थोडीच आहे. तांबं उपयोगी पडतं. आपल्याकडचं एक टक्का बोर्डो असो, कॉपर ऑक्सिक्लोराइड असो किंवा तिकडच्या दुकानातलं कॉपर हायड्रॉक्साइड. पण तांबं पानावर बाहेर बसून पहारा देतं, आत शिरलेल्याला हात लावत नाही. म्हणजे मारायचं पावसाच्या आधी, आणि धुऊन गेलं की पुन्हा. सारखं तांबं मारत राहिलं की तांब्याला दाद न देणारे जिवाणू तयार होतात, हे रियुनियन बेटावर दिसलेलं आहे. आणि दादाच्या बाबतीत अडचण वेगळीच : ज्या झाडाला फवारा सगळ्यात जास्त हवा तेच कालव्याच्या काठाला. तांबं पाण्यात गेलं की माशांना विष. संध्याकाळी वारा पडल्यावर, घराच्या बाजूने, जेमतेम निम्मं झाड फवारता यायचं.

२०२० मध्ये करोनामुळे मी जाऊ शकलो नाही. तेव्हा हिशेब वहिनींनी ठेवला, आणि माझ्यापेक्षा नीट ठेवला. त्या बँकेत होत्या. प्रत्येक झाडाच्या चार बाजूंना लोकरीचे रंगीत धागे बांधून फांद्या ठरवल्या आणि दर पंधरा दिवसांनी डागी पानं मोजून वहीत लिहिली. फळांवर चढवायला मी सांगितलेल्या कागदी पिशव्या पहिल्याच पावसात फळाला चिकटून बसल्या. त्यांनी मेणकागदाच्या शिवल्या, खाली पाणी निघायला भोक ठेवून. आडोशाच्या कीटवर पिशवीतली जवळजवळ सगळी फळं हाती आली. काठाच्या कीटवर देठाजवळून पाणी आत उतरलं आणि पिशवीतही डाग पडले. वहीत त्या पानावर लाल शाईने लिहिलंय : 'भावजींची पिशवी. नापास.'

वाळली पानं गोळा करायचा दादाचा उत्साह मी थोडा आवरला. पडलेलं पान कुजलं की जिवाणू फार टिकत नाही. तो जपून राहतो झाडावरच्या डागी पानांत आणि फांद्यांच्या चिरांत. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोरड्या दिवसांत, चिरा पडलेल्या फांद्या मागच्या निरोगी लाकडापर्यंत कापल्या. कात्री प्रत्येक झाडानंतर ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, हे काम पुतण्याकडे. केंट बुंध्यापासून काढलं. दादाला वाईट वाटलं, स्वतः आणलेलं झाड ते एकच.

त्या वर्षी जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात मी जाऊन आलो. आडोशाचं कीट सुधारलं होतं, टॉमी होतं तसंच होतं. काठाचं कीट हटत नव्हतं. वारा अडवायला दादाने क्लुसिया नावाच्या झुडपाचं कुंपण लावलं होतं, ते अजून कमरेएवढं. जागा बदलता येत नाही, वेळ बदलता येत नाही, तांबं धड मारता येत नाही. उरली जात.

"मग टॉमी बांधू त्याच्यावर," दादा म्हणाला. वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं. "टॉमीचा रस काढून दाखवा मला एकदा. दात कोरत बसाल नुसते." त्यांचंही खोटं नव्हतं. टॉमीत दोरे आहेत आणि हापूसवर वाढलेल्या जिभेला त्याची चव म्हणजे आंब्याची आठवण करून देणारं काहीतरी. शेवटी तोड निघाली ती लोणच्यावर. टॉमी कच्चा असताना घट्ट, आंबट, फोडी मऊ न पडणारा. रसाला आडोशाचं कीट आहे, लोणच्याला आणि पन्ह्याला टॉमी चालेल, असं वहिनींनी मान्य केलं, अगदी सहीशिक्क्यानिशी करावं तसं.

मार्च २०२२ मध्ये काठाचं कीट छातीच्या उंचीवर कापलं. टॉमीच्या काड्या घरच्याच झाडावरून घ्यायच्या होत्या, आणि रोग आणायचा सोपा रस्ता काडीच, म्हणून निवडीला दोन दिवस घातले. एकही डाग नसलेल्या फांद्या, त्याही कीटकडे पाठ असलेल्या बाजूच्या. सहा कलमं बांधली, पाच लागली. बुंध्यावर खालून कीटचे धुमारे फुटत होते ते दर आठवड्याला काढायचे असं ठरलं होतं. पण उन्हाळ्यात दादाची आई, म्हणजे माझी मावशी, आजारी पडली, दोघं भारतात गेले आणि तीन महिने अंगण वाऱ्यावर राहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये निकोल वादळ फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, दादाच्या घरापासून थोडं उत्तरेला, धडकलं. तीन आठवड्यांनी वहिनींचा फोटो आला. या वेळी तो आधी मोठा करून पाहिला. एकाच बुंध्यावर डावीकडे न काढलेला कीटचा धुमारा, उजवीकडे टॉमीचं कलम, मध्ये वीतभर अंतर. तेच मूळ, तोच पाऊस, तोच वारा, जवळपास त्याच वयाची पानं. खाली वहिनींनी मोजून लिहिलं होतं : "डावीकडे २२ पानं, १९ डागी. उजवीकडे २४, डागी ३. आता धुमारा काढते. कात्री ब्लीचमध्ये आहे."